शाहू, केदार की पणजोबांचं नाव?

बाराव्या दिवशी बारसं, आणि अकराव्या रात्रीपर्यंत घरात वाद. कोल्हापुरात बाळाला भारदस्त, जुन्या वळणाचं नाव ठेवायचं म्हटलं की गाडी बहुतेक तीन ठिकाणी थांबते: गादीचं नाव, देवाचं नाव, नाहीतर घरातल्याच थोरल्या माणसाचं.

गादीच्या नावांत वजन आहेच. पण संभाजीचा गल्लीत संभ्या होतो, आणि शिवाजीचं पोरं काय करतात ते इथं लिहायला नको. शाहू त्या मानानं सुटसुटीत. गंमत म्हणजे राजर्षींचं ते पाळण्यातलं नावच नव्हे. कागलच्या घाटग्यांकडं ते यशवंतराव होते. 17 मार्च 1884 ला दत्तकविधान झालं आणि शाहू झाले. ज्यांना दसरा चौकातला पुतळा आठवून दडपण येतं त्यांनी यशवंत ठेवावं. नातं तेच, ओझं कमी. मुलगी असेल तर माझं मत सरळ ‘तारा’ला. करवीरची गादी उभी करणाऱ्या बाईचं नाव, दोन अक्षरी, आणि लाडानं घ्या की रागानं, मोडत नाही.

देवाच्या नावाला घरात कुणी आडवं येत नाही. जोतिबाचं केदार हे नाव वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरही शोभतं आणि पुण्यातल्या ऑफिसातही. जोतिराम अधिक आपलं, पण आपल्याकडं इतके आहेत की मास्तरांना आडनावानंच हाक मारावी लागते. अंबाबाईसाठी पद्मा, रमा, इंदिरा. यांतलं पद्मा आता फारसं कानावर येत नाही, म्हणूनच मला ते आवडतं.

खरी अडचण आजोबा-पणजोबांच्या नावाची. भावना मोठी, पण हाक कोण मारणार? जुन्या वळणाची आजी नवऱ्याचं नाव घेत नाही, सून सासऱ्याचं. मग पोरगं शाळेच्या पटावर दत्ताजी आणि घरात जन्मभर आबा. रागवायची तर त्याहून पंचाईत. ‘दत्त्या, गाढवा’ म्हणायचं कुणाला? त्यातून एकाआड एक पिढी तेच नाव फिरत असेल तर बघा: आजोबा आनंदा बापू, वडील बापू आनंदा, नातू पुन्हा आनंदा बापू. आडनावासकट पूर्ण नाव तेच. सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ आली की तलाठी कपाळाला हात लावतो. पणजोबांचंच हवं असेल तर आधी कागदावर ही साखळी मांडून बघा.

नक्षत्राच्या अक्षरापुढं अडून बसू नका. 27 नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, म्हणजे 108 अक्षरं. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला तर ‘ङ’ येतो. त्याचं नाव काय काढणार? जन्मनाव पत्रिकेत राहू द्या, व्यवहाराचं वेगळं ठेवा.

आणि ठरलंच नाही तर? जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण नावाची जागा रिकामी चालते. नोंदणीपासून 12 महिने विनाशुल्क, पुढं 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. तेव्हा सरकार थांबेल. आत्या थांबणार नाही. कुर्रर्र करायला येताना नेसायची साडी तिनं केव्हाच काढून ठेवलेली असते.