ड्राय कॅबिनेट अकरा महिने वापरलं : सगळा खेळ दाराच्या रबरी पट्टीचा

पाचव्या महिन्यात चावीच्या आगगाडीचा तिसरा डबा हातात घेतला आणि खालच्या कडेला बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. उलटा करून पाहिला. छत आणि बाजूचा पत्रा जिथे कान दुमडून एकमेकांत अडकवलेले असतात, तिथे तपकिरी पूड जमली होती. मऊ ब्रशने झाडली तर खाली मोहरीएवढा खड्डा. आणि ड्राय कॅबिनेटच्या, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या विजेच्या पेटीच्या, दारावरचा आर्द्रतेचा आकडा ४० दाखवत होता. ४० टक्के आर्द्रतेत पत्रा असा गंजत नाही, त्यामुळे त्या आकड्यावरचा माझा विश्वास तिथेच उडाला. आजोबांनी बाबांसाठी घेतलेली गाडी आहे ही. इतकी वर्षं उघड्यावर, ट्रंकेत, माळ्यावर राहून टिकली आणि मी तिच्यासाठी खास घेतलेल्या पेटीत तिला गंज चढला, हे मला अजून बोचतं.

मागच्या आठवड्यात कंपनीचं शेवटचं उत्तर आलं, म्हणून आता सविस्तर लिहिते. लिटर किती, फळ्या किती, वॉट किती हे माहितीपत्रकात आहे, त्यात शिरत नाही. माझं मॉडेल कॅमेऱ्यांसाठी बनवलेलं, पोलादी पेटीचं, काचेच्या दाराचं. मी त्यात पत्र्याची खेळणी, डाय-कास्ट (साच्यात ओतलेल्या जस्ताच्या) गाड्या, शिशाचे सैनिक आणि त्यांची मूळ खोकी ठेवते.

घेण्याचं कारण सैनिक. आधी सगळा संग्रह लाकडी काचेच्या कपाटात होता. दिसायला देखणं, पण सैनिकांच्या पायाशी पांढरी पूड साचायला लागली. मी तिला धूळ समजून पुसत राहिले. पुसून दोन महिन्यांत परत येते म्हटल्यावर वाचायला घेतलं. ओक किंवा एमडीएफसारख्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्या) लाकडातून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लांची वाफ सुटत राहते, बंद कपाटात ती साठते आणि शिशाला खाते. ती पांढरी पूड म्हणजे झिजलेलं शिसंच. पोकळ ओतीव शिशाचे सैनिक १८९३ पासून ब्रिटनमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने बनवायला सुरुवात केली. त्या पद्धतीत भिंत पातळ असते, त्यामुळे रोग लागला की घोट्यात मोडतात. त्यांना लाकडातून बाहेर काढायचंच होतं. पोलादी पेटी आणि वर ओलावाही ताब्यात, एका खर्चात दोन कामं, असा माझा हिशोब होता. मी वस्तू पाच वर्षं पुरवून वापरणारी बाई आहे, त्यामुळे हा खर्च मी फार विचार करून केला.

सुकवणाऱ्या युनिटबद्दल पहिल्या दिवसापासून आजपर्यंत एकही तक्रार नाही. आत सिलिका जेल असतं, ते पेटीतला ओलावा शोषतं. काही तासांनी आतली झडप मिटते, बाहेरची उघडते, छोटा हीटर जेल तापवतो आणि साठलेला ओलावा खोलीत सोडून देतो. पंखा नाही, आवाज नाही. सिलिकाच्या पुड्या दर पंधरा दिवसांनी ओव्हनमध्ये तापवायचं माझं काम कायमचं संपलं.

पहिली चूक मात्र माझी. जितकं कोरडं तितकं बरं असं समजून मी ३० टक्क्यांवर लावून ठेवलं. सहा आठवड्यांत खोक्यांची झाकणं वळली, एका खोक्याची चिकटवलेली बाजू सुटली आणि एका बसवरची कागदी जाहिरातपट्टी कडेने उचलली गेली. धातूला कोरडेपणा मानवतो, कागद-पुठ्ठ्याला नाही. जुन्या खेळण्यात अर्धी किंमत त्या खोक्याची असते, हे माहीत असूनही मी लक्ष दिलं नाही. तेव्हापासून ४२ वर ठेवते. झाकणं बरीच सरळ झाली, सुटलेली बाजू तशीच आहे; तिला मी हात लावलेला नाही.

आता गंजाकडे येते. खेळण्याचा पत्रा म्हणजे पोलादावर कथिलाचा पातळ थर. छपाई सपाट पत्र्यावर आधी होते, मग साच्यात कापून वाकवतात. म्हणजे प्रत्येक कापलेल्या कडेला पोलाद उघडं, त्यावर ना कथिल ना रंग. जस्ताचा मुलामा असता तर जस्त आधी झिजून लोखंडाला सांभाळून घेतं. कथिल तसं करत नाही. थर तुटलेल्या जागी ओलाव्यात लोखंडच आधी जातं. म्हणून पत्र्याच्या खेळण्यात गंज नेहमी कानांपासून सुरू होतो, तुम्हीही आधी तिथेच बघा.

दारावरचा आकडा खरा की खोटा हे पाहायला दोन छोटे हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे मीटर) आणले आणि आधी त्यांचीच मिठाची चाचणी घेतली. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थेंबथेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. पातळ पाणी करायचं नाही. झाकण आणि मीटर एकमेकांना न टेकता हवाबंद पिशवीत, रात्रभर. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते आणि खोलीच्या तापमानाने त्यात फारसा फरक पडत नाही. माझा एक मीटर ७१ बोलला, दुसरा ७८. दोघांच्या पाठीवर पट्टी चिकटवून ‘अधिक ४’ आणि ‘उणे ३’ लिहिलं आणि मग ते पेटीत फळीफळीवर फिरवले.

वरची फळी ४२. मधली ४६. खालची, उजवा कोपरा ४५. खालची, डावा कोपरा, बिजागरीच्या बाजूला, ५८. आगगाडी नेमकी तिथे. दारावरच्या आकड्याचा सेन्सर वर, युनिटला खेटून आहे, त्यामुळे तो स्वतःच्या शेजारची हवा सांगतो, बाकी पेटीची त्याला खबर नाही. शिवाय मी फळ्या मागच्या भिंतीपर्यंत खोक्यांनी भरल्या होत्या, हवेला खाली उतरायला वाटच नव्हती. तो दोष माझ्याकडे घेते. पण ५८ एवढ्याने होत नाही. कुठूनतरी बाहेरची दमट हवा आत येत होती.

कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. एकेक पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढून बघायचं. चौकटीभोवती चौदा जागा तपासल्या. तेरा जागी कागद अडकून राहिला, ओढताना फाटेल की काय इतका घट्ट. खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यात अलगद निघून आला. गुडघ्यावर बसून बॅटरी मारली तेव्हा दिसलं: रबरी पट्टीची कड त्या कोपऱ्यात आतल्या बाजूला दुमडलेली. करंगळीच्या नखाएवढी घडी. बांधणीत दार दाबलं गेलं असणार आणि पट्टी तशीच बसली. एवढ्या मोठ्या पेटीत बिघाड म्हणावा असा हा एकच, आणि माझा डबा त्यापायी गेला.

सेवा केंद्राशी झालेलं बोलणं थोडक्यात. पहिल्या फोनवर उत्तर मिळालं, ‘मॅडम, डिस्प्ले ४० दाखवतोय ना, मग मशीन ओके आहे.’ मी फोटो पाठवले, मीटरचे आकडे पाठवले. माणूस आला आणि पट्टी न बघताच युनिट बदलून गेला. वॉरंटीत होतं, पैसे लागले नाहीत, पण चांगलं चालणारं युनिट काढून नेलं याचा मला राग आला. डावा कोपरा दुसऱ्या दिवशी ५७. दुसऱ्यांदा तोच माणूस आला तेव्हा मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने ओढला, निघाला, आणि त्याने लगेच मान्य केलं. माणूस सरळ होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या उत्तराबद्दल आहे: पट्टी सुटी मिळत नाही, संपूर्ण काचेचं दार घ्यावं लागेल, आणि दार वॉरंटीत बसत नाही कारण पट्टी ‘झिजणारा भाग’ आहे. ही पट्टी खाचेत दाबून बसवलेली आहे, हाताने ओढली तर निघते. फ्रिजची पट्टी सुटी मिळते, हिची का नाही? झिजणारा भाग म्हणता तर तो बदलता यायला हवा. चार महिने मेल लिहून मागच्या आठवड्यात पुन्हा तेच उत्तर आलं. धडधाकट दार नखाएवढ्या घडीसाठी फेकायला मी तयार नाही.

पट्टी मीच सरळ केली. आधी पेटी लेव्हलवर आणली. डावा पुढचा पाय अर्धा आटा खाली होता, तेवढ्यानेही चौकट पिळते. मग तो कोपरा खाचेतून सोडवला, हेअर ड्रायरची गरम हवा वीतभर अंतरावरून दोन-तीन मिनिटं दिली, पट्टी नरम झाल्यावर घडी बोटाने उलगडली, मागच्या पोकळीत कापसाच्या दोरीचा तुकडा भरला आणि दाबून बसवली. दार दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी डावा कोपरा ४६. त्या संध्याकाळी मी सगळी खेळणी एकेक करून परत लावली, या वेळी मागे चार बोटं जागा सोडून, आणि मला फार हलकं वाटलं.

इथपर्यंत मी या पट्टीला पेटीचा एकमेव दोष मानत होते. आठव्या महिन्यात मत बदललं. दार उघडलं की नाकात झिणझिण्या आणणारा वास यायला लागला. वरच्या फळीवर सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, बाहुली होती. सेल्युलॉइडला कापराचा वास असतो, तो मला ओळखीचा आहे, पण हा वेगळा, आंबूस आणि तिखट. सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट; जुनं होताना ते नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतं आणि ओलाव्यात त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. बाहुलीच्या शेजारी ठेवलेल्या पितळी चावीवर हिरवे ठिपके आले होते. दार गळत होतं तोवर ही वाफ बाहेर जात होती. मी फट बुजवली आणि ती आत कोंडली. वर हे द्रव्य चटकन पेट घेतं आणि युनिटमध्ये हीटर आहे. बाहुली त्याच दिवशी बाहेर काढली. आता ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आम्लरहित कागदात, थंड खोलीत, ज्योत आणि बाकी खेळण्यांपासून लांब असते. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही. कॅमेरे ठेवणाऱ्याला गरज नसेल, पण खेळणी ठेवणाऱ्यांनी कृपा करून सेल्युलॉइड कुठल्याही हवाबंद पेटीत ठेवू नका.

पीव्हीसीच्या चिकट झालेल्या बाहुल्यांनाही याचा उपयोग नाही. आतला मऊपणा देणारा पदार्थ पृष्ठभागावर येतो, म्हणून त्या चिकटतात, आणि आर्द्रता कमी केल्याने तो परत आत जात नाही. डाय-कास्टचा जस्तरोगही असाच. ओतताना जस्तात शिशासारखी अशुद्धी राहिली की धातू आतून फुगतो, तडे जातात, शेवटी हातात भुगा येतो. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्ताचे झमाक मिश्रधातू आणले ते यासाठीच, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं खेळण्यांच्या ओतकामात भंगार मिसळत राहिलं. माझ्या एका युद्धपूर्व लॉरीच्या बोनेटवर केसाएवढी चीर होती. अकरा महिन्यांत ती वाढलेली नाही. ऊब आणि ओल यांनी हा रोग जोर धरतो, म्हणून कोरड्या पेटीचा फायदा झाला असावा, पण रोग बरा होत नाही, एवढं समजून पैसे घाला.

आतला एलईडी दिवा मी कायम बंद ठेवते. जुन्या छपाईतला लाल रंग उजेडाने आधी उडतो आणि माझ्या गाडीचा लाल अजून भरलेला आहे.

शिशाच्या सैनिकांसाठी मात्र ही पेटी घेतल्याचं मला मनापासून समाधान आहे. अकरा महिन्यांत पांढरी पूड एकदाही आलेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी काळ्या कागदावर एकेक सैनिक उभा करून टिचकी न मारता नुसता उचलते आणि कागद बघते. कागद काळाच असतो.

तर घ्यावं का? धातूच्या खेळण्यांना घ्या. दाराची पट्टी सुटी मिळते का ते आधी लेखी विचारा, नसेल तर दुसरं मॉडेल बघा. पेटी घरी आली की पहिल्याच दिवशी, आणणारा माणूस समोर असताना, कागद ओढून चारही कोपरे तपासा. मी ते केलं असतं तर दार त्याच दिवशी बदलून मिळालं असतं.

तिसऱ्या डब्याचा गंज लाकडी टूथपिकने कोरडाच काढला, पाणी लावलं नाही, आणि कानांना मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला. जिथे छपाईचा पापुद्रा सुटतोय तिथे मेण नेलं नाही. खड्डा दिसतो, तो तसाच राहणार. डबा आता मधल्या फळीवर आहे. काल पुन्हा कागद ओढून पाहिला. तेरा जागी घट्ट, चौदाव्या जागी किंचित सैल, मीटर ४९. रविवारी दोरी बदलून पुन्हा ड्रायर लावणार आहे.