‘रिस्टोअर यशस्वी’ या अहवालासाठी आम्ही पूर्ण पैसे मोजले

आमच्या कुबरनेटीस क्लस्टरच्या (अॅप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरांच्या समूहाच्या) डिझास्टर रिकव्हरीचे, म्हणजे काही कोसळल्यास बॅकअपमधून सगळे पुन्हा उभे करण्याचे (रिस्टोअरचे) काम आम्ही एका सल्लागार कंपनीला दिले होते. शुल्काचे 60 टक्के सहीबरोबर आणि 40 टक्के रिस्टोअरच्या चाचणीनंतर द्यायचे ठरले, आणि दोन्ही हप्ते चोख दिले. ‘स्वस्तातला कोणीतरी गाठला असेल’ हे ऐकून कान किटले आहेत, म्हणून हे आधीच सांगतो.

पुढे साफसफाईच्या एका स्क्रिप्टने भलतीच नेमस्पेस (क्लस्टरमधला स्वतंत्र कप्पा) पुसली आणि रिक्लेम पॉलिसी, म्हणजे मागणी पुसल्यावर डिस्कचे काय करायचे हा नियम, ‘डिलीट’ असल्यामुळे पीव्हीसीबरोबर (अॅप्लिकेशनने केलेल्या डिस्कच्या मागणीबरोबर) खालच्या डिस्कही गेल्या. (डायनॅमिक व्हॉल्यूमना, म्हणजे मागणीनुसार आपोआप बनणाऱ्या डिस्कना, ती पॉलिसी सहसा आपोआपच लागते, आजच ‘रिटेन’ म्हणजे ‘राखून ठेवा’ अशी करून घ्या.) कंपनीने व्हेलेरो या बॅकअपच्या साधनातून रिस्टोअर केले, सर्व पॉड (अॅप्लिकेशनचे चालते भाग) ‘रनिंग’ झाले, पीव्हीसी ‘बाउंड’ म्हणजे डिस्कला जोडलेल्या दिसल्या, पण त्या नव्या, कोऱ्या डिस्कना जोडलेल्या होत्या. दरमहा ‘व्हॉल्यूमसह बॅकअप पूर्ण’ असे लिहून देणाऱ्यांनी व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट (डिस्कमधल्या डेटाच्या त्या क्षणाच्या प्रती) पहिल्यापासून बंदच ठेवले होते. 640 जीबी डेटा गेला.

चाचणीच्या दिवशी बकेटमध्ये, म्हणजे बॅकअपच्या फाइल ठेवण्याच्या क्लाउडमधल्या जागेत, अवघे 212 एमबी दिसत होते. मी विचारले, तेव्हा ‘स्नॅपशॉट स्टोरेजकडेच राहतात, बकेटमध्ये फक्त क्लस्टरमधल्या ऑब्जेक्टच्या नोंदी असतात’ असे उत्तर मिळाले. हे तांत्रिकदृष्ट्या खरे असू शकते, म्हणूनच ते खपले. माझ्या जागी कोणीही मान डोलावली असती. मात्र एका टेबलातल्या ओळी मोजून दाखवा म्हटल्यावर ‘सुरक्षा धोरणात बसत नाही’ असे सांगून त्यांनी स्क्रीन बंद केली, तो क्षण आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. ओळी मोजून दाखवल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका.

सायबर तक्रार कक्षाने हा ‘कराराचा वाद’ ठरवला. बँकेच्या मते पैसे आम्ही स्वेच्छेने दिले होते. क्लाउड पुरवठादाराने डेटाची जबाबदारी ग्राहकाची असल्याचे कलम पाठवले, जणू ते आम्ही कधी वाचलेच नव्हते. खोटे अहवाल जोडूनही ‘नेमके काय चोरीला गेले?’ हाच प्रश्न प्रत्येक टेबलावर विचारला गेला, आणि जो बॅकअप कधी घेतलाच नाही तो चोरीला कसा जाईल, हे तिथे कोणाला समजावून सांगायचे?

एटसीडीचा (क्लस्टरच्या सर्व नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसचा) स्नॅपशॉट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यात व्हॉल्यूमची नोंद असते, आतला डेटा नसतो. सीक्रेट (क्लस्टरमध्ये ठेवलेले पासवर्ड वगैरे) एन्क्रिप्ट केली असतील, तर त्यांची किल्ली क्लस्टरबाहेरही ठेवा. अहवालाची पीडीएफ स्वीकारू नका, बॅकअपचा सविस्तर तपशील स्वतःच्या लॉगिनने काढून व्हॉल्यूमची यादी पाहा. आमच्या यादीत एकही नाव नव्हते, आणि तक्रारीला जोडलेला तो कागद अजून कोणी उघडूनही पाहिलेला नाही.