मांजलपूरमध्ये गाडी लावताना : दीड वर्षाचा अनुभव

२०२४ च्या गुढीपाडव्यानंतर आम्ही बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या वडिलोपार्जित घरातून मांजलपूरच्या एका सोसायटीत राहायला आलो. जुन्या घराच्या गल्लीत चारचाकी शिरतच नसे. सुरसागर तलावाच्या बाजूला जागा मिळेल तिथे गाडी लावून घरी चालत यायचे, हे वर्षानुवर्षे चालले होते, आणि आईला गुडघ्यांमुळे ते अंतर झेपेनासे झाल्यावर आम्ही घर बदलले. बडोद्याच्या या भागात मांजलपूर, तरसाली, माणेजा अशा ठिकाणी घर शोधणारी मराठी कुटुंबे अजूनही बरीच आहेत. खोल्या, गॅलरी, स्वयंपाकघराचा ओटा हे सगळे ती नीट पाहतात, पण गाडीची जागा मात्र शेवटच्या पाच मिनिटांत पाहतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

घर घेताना आम्हाला तोंडी 'दोन पार्किंग' सांगितले गेले होते. दस्तात मात्र एकच निघाले, ते इमारतीखालच्या खांबांमधले. दुसरे म्हणजे कंपाउंडच्या भिंतीलगतची उघडी जागा होती. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्यानुसार अशी उघडी पार्किंगची जागा सामाईक क्षेत्रात मोडते, त्यामुळे ती कोणा एकाला विकता येत नाही आणि तिथे कोणी गाडी लावायची हे सोसायटी ठरवते. हे मला सहा महिन्यांनी, एका शेजाऱ्याशी झालेल्या कटु बोलण्यानंतर कळले, आणि चूक त्यांची नव्हती. दस्त वाचण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे, व्यवहार करण्यापूर्वी आपली स्वतःची गाडी त्या खांबांमध्ये एकदा उभी करून चारही दारे उघडून पाहावीत. आमच्या जागेत डावीकडचे मागचे दार अर्धेच उघडते, म्हणून आईला आधी फाटकाशी उतरवावे लागते आणि मग गाडी आत घ्यावी लागते. ज्या कारणासाठी घर बदलले, नेमके तेच कारण मोजपट्टी न लावल्यामुळे अर्धवट राहिले, याची मला अजूनही रुखरुख वाटते.

बाहेरच्या रस्त्याबद्दल इथे एक समजूत पक्की आहे की आपल्या फाटकासमोरची जागा आपली. ती खरी नाही, कारण रस्ता सार्वजनिक आहे. उलट कोणाच्याही फाटकाच्या तोंडाशी, पदपथावर, वळणावर किंवा बसथांब्याजवळ गाडी लावणे नियमाविरुद्ध आहे, आणि दुसऱ्या उभ्या गाडीला समांतर आपली गाडी लावणेही तसेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी, किंवा मनाई असलेल्या ठिकाणी लावलेली गाडी, गणवेशातील पोलीस अधिकारी उचलून नेण्यास सांगू शकतो. निळ्या गोल फलकावर एक तिरकी लाल रेघ असेल तर तिथे गाडी लावायची नाही, आणि फुली असेल तर थांबवायचीही नाही, हा फरक कित्येक जुन्या चालकांनाही ठाऊक नसतो. तुलसीधाम चार रस्त्याच्या अलीकडे एका समारंभाच्या संध्याकाळी माझी गाडी उचलली गेली, तेव्हा फलक झाडाच्या फांदीआड होता. गाडी जागेवर दिसली नाही तर चोरीच्या भीतीने धावाधाव करण्याआधी जमिनीकडे पाहावे, कारण मला माझ्या गाडीचा नंबर आणि ती कुठे नेली ते तिथेच खडूने लिहिलेले सापडले.

कायद्यापेक्षा रोज उपयोगी पडते ते वेळापत्रक. आल्यावर तिसऱ्या दिवशी समोरच्या बेन येऊन अतिशय सौम्यपणे म्हणाल्या, "भाई, सवारे सात वागे मारा दीकरानी वान आवे छे" (सकाळी सात वाजता माझ्या मुलाची व्हॅन येते). त्या एका वाक्याने मला या वस्तीची रीत कळली. सकाळी शाळेच्या व्हॅन, त्यानंतर कचऱ्याची गाडी, आणि रविवारी नाक्यावर फाफडा-जलेबीसाठी उभी राहणारी दुचाकींची रांग, एवढ्या वेळा सांभाळल्या तर उरलेला दिवस रस्ता मोकळाच असतो. गाडीच्या पुढच्या काचेखाली फोन नंबर लिहिलेला कागद ठेवावा. मी तो ठेवायला लागल्यापासून हॉर्न वाजवून बोलावणे बंद झाले.

सर्वांत मोठा धडा पावसाने दिला. २६ ऑगस्ट २०२४ ला, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुसळधार पाऊस पडला आणि विश्वामित्री नदीची पातळी पुढे ३५ फुटांच्या वर गेली. काळा घोडा पुलाजवळची धोक्याची पातळी २६ फूट आहे. बडोदेकर पावसाळ्यात हा आकडा आणि आजवा सरोवराची पातळी रोज पाहतात, आणि नव्याने येणाऱ्यांनीही ती सवय लावून घ्यावी. आमच्या इमारतीखाली पाणी गाडीच्या दारांपर्यंत आले. मी किल्लीला हात लावला नाही, बॅटरीची तार काढायला लावली आणि पाणी ओसरल्यावर गाडी ओढून नेली. शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी मात्र 'चालू होते का पाहू' म्हणून गाडी सुरू केली. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांचे इंजिन उघडावे लागले, आणि विम्यात इंजिन संरक्षणाची जोड नसल्याने तो खर्च त्यांच्यावरच पडला. ही जोड बडोद्यात विश्वामित्रीच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. त्यानंतर पुन्हा जोराच्या पावसाची शक्यता वर्तवली गेली, तेव्हा लोकांनी उड्डाणपुलांच्या कडेला गाड्या नेऊन लावल्या. एरवी ते चुकीचेच आहे, पण त्या दिवसांत कोणाला दोष द्यावा असे मला वाटले नाही. तळघरातले पार्किंग मिळत असेल तर तिथे पाणी उपसण्याचा पंप आहे का आणि तो चालतो का, हे घर घेण्याआधी पाहावे.

मे महिन्यात सावलीसाठी सगळेच वडाखाली गाडी लावू पाहतात, कारण ऊन ४२ अंशांच्या पुढे जाते. पण वडाची फळे पिकली की पक्ष्यांची विष्ठा रंग खाते, म्हणून तिथे लावलेली गाडी त्याच संध्याकाळी धुवावी. नवरात्रीच्या नऊ रात्री गरब्याच्या मैदानांच्या आसपास गाडी नेऊच नये, रिक्षाने जावे. १४ आणि १५ जानेवारीला कापलेला पतंग पकडायला मुले टपावरही चढतात, तेव्हा गाडी आत घ्यावी आणि दुचाकीवर गळ्याला मांज्यापासून बचाव करणारी तार लावल्याशिवाय बाहेर पडू नये.

पाहुण्यांच्या गाडीचा प्रश्न आमच्याकडे अजून सुटलेला नाही. वार्षिक सभेत मी भिंतीलगतची दोन उघडी ठिकाणे पाहुण्यांसाठी आणि एक, फाटकाजवळचे, वृद्धांना चढता-उतरता यावे यासाठी रिकामे ठेवावे असा लेखी प्रस्ताव दिला आहे. पहिल्या भागाला होकार मिळाला आणि पांढरे पट्टेही मारले गेले. दुसऱ्यावर पुढच्या सभेत चर्चा आहे, आणि तोवर फाटकाशी आईला उतरवताना मागच्या गाडीला हाताने थांबण्याची विनंती करणे सुरूच आहे.