पत्रलेखन शिकवणाऱ्या मास्तराने एका पत्रासाठी मोजलेले २३,८०० रुपये

जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे मी मुलांकडून औपचारिक पत्राचा मायना घोकून घेतला आणि निवृत्त झाल्यावर विमा कंपनीला पत्र लिहून घेण्यासाठी एका भामट्याला २३,८०० रुपये दिले. हे सांगायची लाज वाटते, म्हणून तक्रारींपुरते सोडले तर इतके दिवस घराबाहेर कोणाला कळू दिले नव्हते.

जानेवारी २०२३ मध्ये पत्नीची अँजिओप्लास्टी झाली. पॉलिसी ऑगस्ट २०१९ ची होती आणि एकही हप्ता चुकलेला नव्हता, तरी कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला भरणे, नाकारले गेले. २,३८,४६० रुपयांचे बिल मुदत ठेव मोडून भरावे लागले. पुढे १४ मार्च २०२३ रोजी कंपनीने ‘उच्च रक्तदाबाचा पूर्वीचा आजार लपवला’ असे कारण देऊन दावाही फेटाळला. वास्तविक रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर ‘पाच वर्षे’ असे लिहिले होते आणि घरी येण्याच्या घाईत आम्ही कोणीच ते वाचले नव्हते. मी कंपनीला पत्र लिहिले, पण त्यात मुद्दे कमी आणि संताप जास्त होता. ९ मे २०२३ रोजी दोन ओळींचे उत्तर आले की निर्णय कायम आहे. विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाण्याची एक वर्षाची मुदत त्याच दिवसापासून सुरू झाली, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

‘फेटाळलेले क्लेम मिळवून देतो’ ही जाहिरात मोबाइलवर दिसली ती याच दिवसांत. अशी माणसे कशी बोलतात ते आपण सगळे जाणतो, पण हा गृहस्थ भेटताच माझ्या पाया पडला आणि ‘गुरुजी, तुमचे पैसे बुडाले तर आम्हाला पाप लागेल’ म्हणाला. सल्ला शुल्क १०,००० आणि त्यावर जीएसटी १,८०० रुपये त्याने रोख घेतले. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की पत्नीचे पथ्य, औषधे आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांतून पावती निरखून पाहण्याइतकी उसंत मला नव्हती.

मात्र खरा क्षण पुढचा आहे आणि त्यासाठी मी स्वतःला आजही माफ केलेले नाही. त्याने पत्राचा मसुदा दाखवला. तिसऱ्या परिच्छेदात ‘सदर वाहनाच्या दुरुस्तीचा खर्च तात्काळ अदा करावा’ असे वाक्य होते आणि दावा क्रमांकही आमचा नव्हता. मी सवयीने खिशातले लाल पेन काढले, दोन्ही ठिकाणी रेघ मारली आणि कागद परत केला. ‘चुकून राहिले, गुरुजी, तुमची नजर पक्की आहे,’ असे तो हसत म्हणाला, आणि चूक पकडल्याच्या आनंदात मी घरी आलो. कुणा गाडीवाल्याचे पत्र माझ्या नावावर खपवले जात आहे, एवढी साधी गोष्ट माझ्या पक्क्या नजरेला दिसली नाही.

पुढे ‘नोटीस खर्च’ म्हणून ४,५०० रुपये गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘लोकपाल प्रवेश फी’ म्हणून ७,५०० रुपये. लोकपालांकडे तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही. शिवाय तेथे वकील किंवा एजंट चालत नाही. विमेदाराने, वारसाने किंवा नॉमिनीने स्वतःच जायचे असते. तेव्हा ‘मी तुमच्या वतीने उभा राहतो’ असे म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करावा. त्याने पाठवलेली पत्रे तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाण्याऐवजी कंपनीच्या स्थानिक शाखेत जाऊन पडली होती, आणि लोकपालांकडे तर काहीच दाखल झाले नव्हते. मे २०२४ मध्ये त्याचा फोन बंद झाला.

जुलैमध्ये मी स्वतः लोकपालांकडे अर्ज केला, तर उत्तर आले की मुदत संपली. विलंब माफ करण्याचा अधिकार त्यांना आहे, म्हणून मी सविस्तर विनंती केली, पण सल्लागाराने फसवले हे कारण पुरेसे ठरले नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर जाहिरात मोबाइलवर पाहिली म्हणून सायबरकडे पाठवले. सायबरवाल्यांनी पैसे रोख दिले म्हणून परत ठाण्याकडे पाठवले. आणि तिसऱ्या खेपेला, दीड तास बाकावर बसवून ठेवल्यानंतर, हा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले. ‘मास्तर असून कसे फसलात?’ हा प्रश्न मात्र तिन्ही वेळा, न चुकता, विचारण्यात आला. कंपनीच्या हेल्पलाइनवर दर वेळी नवा तक्रार क्रमांक मिळे आणि चार दिवसांनी ‘तक्रार निकाली काढली’ असा संदेश येई. माझ्या वहीत असे अकरा क्रमांक आहेत.

शेवटी ज्या डॉक्टरांनी उपचार केले होते त्यांच्याकडून ‘पाच महिने’ अशी दुरुस्ती शिक्क्यासह लेखी घेतली, रक्तदाबाच्या गोळ्यांची ऑगस्ट २०२२ ची पहिली चिठ्ठी शोधली आणि एका पानाचे मागणीपत्र लिहिले. वर पॉलिसी आणि दावा क्रमांक, मग तारीखवार घटना, कंपनीने कोणत्या कलमाचा आधार घेतला व तो येथे का लागू होत नाही, नेमकी रक्कम, पंधरा दिवसांची मुदत, आणि खाली जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी, एवढाच मजकूर त्यात होता. कागदांच्या मूळ प्रती देऊ नका. पोच जपा. दावा तोंडी नाकारला तर कारण आणि कलम लेखी मागा. आणि पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबते अशा भ्रमात राहू नका. ग्राहक आयोगात तक्रार करण्याच्या मुदतीची दोन वर्षेही अशीच निघून जातात.

त्या दोन वर्षांच्या आत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मी जिल्हा ग्राहक आयोगात कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली. भरलेला मोबदला, म्हणजे विम्याचे हप्ते, पाच लाखांच्या आत असल्याने तिथेही शुल्क लागले नाही. सल्लागाराविरुद्धची तक्रार वेगळी केली असून तिच्यासोबत तोच मसुदा जोडला आहे. दाखल करताना तेथील लिपिकाने विचारले, ‘या लाल रेघा कोणी मारल्या?’

‘मी,’ एवढेच म्हणालो.