हिवाळ्यातली एकच सकाळ हाताशी असेल तर: नांदूर मधमेश्वर, ममदापूर की अंजनेरी?

नाशिककरांना थंडीत रानातले जीव पाहायला फार लांब जावे लागत नाही. निफाडच्या पट्ट्यात नांदूर मधमेश्वरला पाणपक्षी आहेत, त्याच्या पुढे येवल्याच्या माळावर ममदापूरला काळवीट, आणि उलट दिशेला त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या कड्यांत गिधाडे. अडचण निवडीची होते. लोक ठिकाण ऐकीव माहितीवर ठरवतात आणि वेळ आपल्या सोयीची धरतात. मग अंजनेरीच्या पायथ्याशी सकाळी सातला कुडकुडत उभे राहतात, तेव्हा एकही गिधाड हवेत नसते. नांदूरला अकराला पोहोचतात, तोवर बदके पार मधल्या पाण्यात जाऊन झोपलेली असतात. तिन्ही जागांचे घड्याळ वेगळे आहे, म्हणून आधी आपण किती वाजता निघू शकतो आणि सोबत कोण आहे ते पाहावे, ठिकाण त्यावरून ठरवावे.

नांदूर मधमेश्वर: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी इथेच जावे

हे आमचे स्पष्ट मत आहे. मुले, आजी-आजोबा किंवा कधीच दुर्बीण हातात न धरलेली मंडळी बरोबर असतील तर दुसरा विचार करू नये. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबाने तो तोटा असला तरी पक्ष्यांच्या दृष्टीने वरदान ठरला. उथळ पाणी, गाळाची बेटे, पाणकणसाची दाटी आणि भोवती गहू-हरभरा-उसाची शेती, असा मेळ राज्यात क्वचितच सापडतो. १९८६ मध्ये अभयारण्य झाले, आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून त्याची घोषणा झाली.

नाशिकहून निफाडमार्गे साधारण ४० ते ४५ किलोमीटर. चापडगावला वनविभागाचे केंद्र आहे, निरीक्षण मनोरे आहेत, गावातलेच प्रशिक्षित मार्गदर्शक मिळतात. मार्गदर्शक घ्यायचाच. नावे तर पुस्तकातही मिळतील, पण काल पाणी कुठे ओसरले आणि आज पक्षी कोणत्या कडेला उतरले हे त्यालाच ठाऊक असते. या जागेचे सगळे मर्म पाण्याच्या पातळीत आहे. कालव्यांना आवर्तन सुटते, वरच्या धरणांतून पाणी येते-जाते, आणि चार दिवसांत किनारा बदलून जातो. पातळी चढली की गाळाचे पट्टे बुडतात. मग शेकाटे, तुतवार, चमचे, मोर शराटी असे उथळ पाण्यात चालणारे पक्षी पांगतात आणि समोर नुसते पाणी नि लांबवर बदकांचे ठिपके राहतात. पातळी उतरायला लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओल्या गाळावर गर्दी होते. निघण्याच्या आदल्या दिवशी मार्गदर्शकाला फोन करून एवढेच विचारावे: ‘गाळ उघडा आहे का?’

हंगाम नोव्हेंबरपासून धरायचा, पण भर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर असतो. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, चक्रवाक हे पाहुणे तेव्हा पुरते स्थिरावलेले असतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो दिसलेच पाहिजेत असा हट्ट घरच्यांना लावून नेऊ नये. ते पाण्याच्या मर्जीने येतात आणि न दिसल्याने मुले उगाच हिरमुसतात. त्यापेक्षा त्यांना जांभळी पाणकोंबडी दाखवावी. ती हमखास असते आणि मनोऱ्याजवळही येते. लाल चोचीने पाणकणसाचा दांडा मुळाशी तोडते, पोपटासारखा एका पायाच्या बोटांत धरते, वरची साल सोलून फेकते आणि आतला पांढरा गाभा तेवढा खाते. पाच मिनिटे हे पाहिलेले मूल पुढच्या वेळी आपणहून चला म्हणते.

दुसरी लक्ष ठेवण्यासारखी गोष्ट वारकरी. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले हे पक्षी पाण्यावर शेकड्यांनी विखुरलेले असतात. ते एकाएकी एकमेकांजवळ सरकून घट्ट गोळा झाले की दुर्बीण ताबडतोब वर न्यावी. बहुधा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून पाणकणसावरून संथ फेरी मारत असतो. बदकांचा थवा उठतो तोही याच वेळी.

बिघडते कुठे? पहिले कारण धुके. निफाड हे राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक, कडाक्याच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांवर येतो. अशा पहाटे नदीवर धुके आणि त्यात द्राक्षबागांत घड वाचवण्यासाठी पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर मिसळतो, आठ वाजेपर्यंत वीस फुटांपलीकडचे दिसत नाही. लाटेच्या दिवशी साडेसातला पोहोचले तरी काही बिघडत नाही, एरवी मात्र उजाडताना मनोऱ्यावर असायला हवे. दुसरे कारण उलटा प्रकाश. सूर्य समोर असेल तर सगळी बदके काळी दिसतात. सकाळी पाण्याच्या पूर्वेकडच्या बाजूला उभे राहून पश्चिमेकडे पाहावे, म्हणजे ऊन पाठीवर येते. तिसरे म्हणजे ऊस. अंधारात उसाच्या दोन फडांमधल्या पायवाटेने चालत जाऊ नये. निफाड तालुक्यात बिबट्या उसातच राहतो, वाढतो, पिले देतो. गाडी मुख्य वाटेवर ठेवावी आणि उजाडल्यावरच उतरावे.

ममदापूर: ज्याला थांबता येते त्याच्यासाठी

येवला नाशिकपासून ८५ किलोमीटरच्या आसपास, तिथून नांदगाव रस्त्याने राजापूरकडे आणखी वीस-पंचवीस. म्हणजे सातच्या सुमाराला होणारा सूर्योदय माळावर गाठायचा तर पहाटे साडेचारच्या आत घर सोडावे लागते. मनोरा, उपाहारगृह, सावली यांची अपेक्षा धरू नये. पाणी आणि डबा नाशिकहूनच न्यावा. आत जाण्यापूर्वी येवल्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवून परवानगी आणि वनरक्षकाची सोबत मागून घ्यावी, नाहीतर आडवाटेला चुकून कुणाच्या कांद्याच्या वाफ्यात गाडी घातली जाते आणि शेतकऱ्याचा रोष योग्यच असतो.

सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे हे संवर्धन राखीव क्षेत्र काळविटांसाठी आहे, आणि आसपासच्या शेतांतही काळवीट तेवढेच फिरतात. हिवाळ्याची अडचण हीच. रब्बीचा हरभरा आणि गहू कोवळा असतो, कळप रात्री शिवारात चरतात आणि सूर्य वर आला की गवताकडे परततात. त्यामुळे सूर्योदयानंतरचे दोन तास आणि दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंतचा वेळ, एवढाच खरा उपयोगाचा. मधल्या वेळात माळ मोकळा वाटतो, आणि दहानंतर जमिनीवरून उठणाऱ्या झळांत दूरचे जनावर पाण्यात बुडाल्यासारखे हलते. त्या वेळी महागडी लेन्सही काही कामाची नाही.

पद्धत अशी. गाडीतून उतरायचे नाही. काळवीट उभ्या गाडीला सोसते, दोन पायांवर चालणाऱ्या माणसाला नाही. दीडशे-दोनशे मीटरवर इंजिन बंद करायचे, काच आधीच खाली घेतलेली असावी, म्हणजे नंतर आवाज होत नाही. मग पंधरा-वीस मिनिटे काहीही करायचे नाही. कळपाने माना खाली घालून चरायला सुरुवात केली की आपण मान्य झालो. सगळ्यांनी एकदम माना वर करून आपल्याकडे पाहिले आणि त्यातल्या एकाने जागच्या जागी उंच उडी मारली, तर आपण जास्त जवळ गेलो आहोत. मागे फिरावे. गाडी पळत्या कळपाच्या समांतर कधीही नेऊ नये. घाबरलेले जनावर कठडा नसलेल्या विहिरीत पडते. असे काही दिसलेच तर स्वतः उतरण्याचा प्रयत्न न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

एकाच जागी साचलेला लेंड्यांचा ढीग दिसला तर त्याच्या आसपास थांबणे सार्थकी लागते. प्रौढ नर आपली हद्द अशा ढिगांनी राखतो आणि पुन्हा पुन्हा तिथे येतो. दुसरा नर जवळ आला की तो नाक वर करून, पिळदार शिंगे पाठीवर टेकवून, कान पाडून ताठ चालत जातो. बहुतेक वेळा तेवढ्यावरच भांडण मिटते. काळा-पांढरा तो प्रौढ नर. बिनशिंगांच्या तांबूस माद्या कळपाने दिसतात आणि नवखे लोक त्यांनाच हरिणांची वेगळी जात समजतात.

इथे पक्षीही पाहावेत, कारण हे पक्षी नांदूरला पाहायला मिळत नाहीत किंवा फार क्वचित मिळतात: गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे माळावरचे भोवत्या, दगडांत मिसळून जाणारे धाविक, भुर्रकन उठणाऱ्या पखुर्ड्या. नशीब असेल तर लांडगा किंवा खोकड. पण त्यासाठी म्हणून जाऊ नये.

संक्रांतीचे तीन दिवस हा बेत आखू नका. येवल्यात भोगी, संक्रांत आणि करदिवशी पतंगांचा मोठा उत्सव असतो. रस्ते तुंबतात, माळापर्यंत पोहोचायलाच उशीर होतो.

अंजनेरी: उशिरा उठणाऱ्यांना चालेल असे एकमेव

शहरापासून २० किलोमीटर, त्र्यंबकच्या बसनेही जाता येते. स्वतःची गाडी नसेल तर तिघांतले हेच व्यवहार्य आहे. निफाडपर्यंत बस आणि पुढे रिक्षा करून नांदूरला पोहोचेपर्यंत निम्मी सकाळ संपते, ममदापूर तर बसने अशक्यच.

लांब चोचीची गिधाडे झाडावर नाही, उभ्या कड्याच्या कपारीत घरटे करतात. वीण हिवाळ्यातच असते, जोडीला एकच अंडे. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत पक्षी कड्यावर असण्याची खात्री जास्त. गड चढायची गरज नाही, उलट चढल्यावर कपारी आपल्या खाली जातात आणि काहीच दिसत नाही. पायथ्याच्या वाटेवरून काळ्या कातळावर चुन्याचा ओघळ सुटल्यासारखे पांढरे पट्टे शोधावेत. ती विष्ठा, आणि पट्ट्याच्या वरच्या टोकाला कपार. त्या कपारीवर तिपाईवरची दूरदर्शी (स्पॉटिंग स्कोप) लावून थांबायचे. नऊ-साडेनऊपर्यंत गिधाड तिथेच खांदे वर करून बसलेले असते. त्याचे अंग जड, नुसते पंख मारून उडणे त्याला परवडत नाही. ऊन लागून कातळ तापतो, गरम हवा वर चढू लागते, तेव्हा ते कड्यावरून स्वतःला सोडते आणि एकही पंख न हलवता गोल गोल वर जाते. दहा ते बारा ही इथली वेळ. ढगाळ दिवशी मात्र जाऊ नये.

शनिवार टाळा, मारुतीच्या दर्शनाला गर्दी असते. माकडे पिशवी हिसकावतात, खाण्याचा डबा दाखवत फिरू नका. ड्रोन अजिबात नको. घरट्यावरचा पक्षी बिथरून उठला की ते एकुलते अंडे उघडे पडते.

अंजनेरीऐवजी बोरगडला जावे का, असेही विचारले जाते. २००८ मध्ये घोषित झालेले ते राज्यातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे, शहराच्या आणखी जवळ. झाडीतल्या छोट्या पक्ष्यांची आवड असेल तर उत्तम. पण माथ्यावर हवाई दलाचे केंद्र आहे, त्यामुळे वनविभागाची परवानगी आधी घेतलेली असावी आणि कॅमेरा त्या दिशेला उचलू नये. ऐनवेळी ठरवून जाण्याची ही जागा नाही.

सामान

८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे असलेली, दुर्बीण तिन्हीकडे पुरते. १० पट मोठे करणारी हातात थरथरते आणि मुलांना सावरत नाही. तिपाईवरची दूरदर्शी नांदूरला आणि अंजनेरीला लागते, ममदापूरला गाडीत तिची अडचणच होते. तिथे कॅमेऱ्यासाठी जाड कापडाच्या पिशवीत सव्वा-दीड किलो तांदूळ शिवून घ्यावेत आणि ती पिशवी खिडकीच्या काचेवर टेकवावी, लेन्स हलत नाही. बाहेर गार पडलेली दुर्बीण हीटर लावलेल्या गाडीत आणली की भिंगांवर वाफ धरते. कपडे एकावर एक घालावेत, कारण पहाटे आठ अंश असले तरी दुपारी अठ्ठावीस होतात. नांदूरला बांधावरच्या दवाने बूट-मोजे भिजतात, मोज्यांचा एक कोरडा जोड गाडीत असू द्या.