कार्बन मोजायचं ॲप ९ महिने वापरून बघितलं, इंदूरहून अनुभव

जूनमध्ये मुलाने माझ्या फोनमध्ये हे ॲप टाकून दिलं, आपण रोज काय जाळतो, काय खातो, कशाने फिरतो त्यावरून तुमचा कार्बन किती ते सांगणारं. नाव लिहीत नाही कारण बऱ्याच गोष्टी या प्रकारच्या सगळ्याच ॲप्सना लागू होतील असं वाटतं. आम्ही राजेंद्रनगरला राहतो, घरात चौघं, मी, हे, मुलगा आणि सासूबाई.

सुरुवातीला खूप उत्साह होता. रोज रात्री ७ प्रश्न, उत्तरं दिली की एक हिरवं पान वाढतं, सलग दिवसांची स्ट्रीक. पण जेवणाच्या यादीत बीफ होतं, टर्की होतं, ॲव्होकाडो होता, पोहे नव्हते, वरणभात नव्हता, ज्वारीची भाकरी तर नव्हतीच! रोज आपलं ‘शाकाहारी जेवण’ दाबायचं आणि पुढे जायचं. आता डाळ आणि पनीर यांत खूप फरक आहे, दुधाच्या मागे गाईम्हशींच्या पोटातला मिथेन (हाही हवा तापवणारा वायू) असतो, भातशेतीतूनही मिथेन निघतो, हे सगळं त्या एका बटणात गडप. मग मी काय बदलू हे मला कळणार कसं?

अनंत चतुर्दशीला स्ट्रीक तुटली. रात्रभर कापड मिलच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला राजवाड्याकडे होतो सगळे, पहाटे घरी आलो तर ८० च्या वरचा आकडा शून्य झालेला. खरंच वाईट वाटलं, त्यानंतर तीन आठवडे ॲप उघडलंच नाही. माणूस सणाच्या दिवशी फोन भरत बसणार नाही हे बनवणाऱ्यांनी धरूनच चालायला हवं.

परत सुरू केलं ते सासूबाईंमुळे. एकदा मी ॲपमध्ये गॅसचं खातं बघत होते, त्यात सिलिंडर कधी लावलं ती तारीख विचारली होती, मी त्यांना विचारलं, अहो आई, हे सिलिंडर कधी लावलं आपण? त्या उठल्या आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं, मागची पानं उलटली, प्रत्येक दोन महिन्यांत कुठे ना कुठे पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘सिलें. लावले’ आणि बाजूला किती दिवस पुरलं तो आकडा, ३८, ३७, ३९. “अगं मी तर तीस वर्षं लिहितेय, सिलिंडर कधी संपेल ते कळायला नको का?” त्या दिवशी मला या ॲपचं मर्म कळलं. घरात ज्याची नोंद आधीपासून आहे त्यालाच हे जोडलं तर माणूस आपोआप रमतो, ती हिरवी पानं वाढवून दाखवायची गरजच नाही.

१४.२ किलोचं सिलिंडर पूर्ण जळलं की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. डाळतांदूळ अर्धा तास आधी भिजवणं, एकाच कुकरमध्ये तीन डबे लावणं, भाजीवर झाकण, एवढंच केलं आणि मागची दोन सिलिंडरं ४४ आणि ४५ दिवस गेली. वर्षाला सव्वा-दीड सिलिंडर वाचेल, म्हणजे ६० किलोच्या आसपास. हा आकडा सासूबाईंना लगेच समजला, टन-बिन सांगितले असते तर नसता समजला.

विजेचंही तेच. आपल्याकडे मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलं तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत पडतात, त्यामुळे थंडीत आमच्याकडे सगळेच मीटरवर डोळा ठेवून असतात, मुलगासुद्धा जाता येता रीडिंग बघतो. आपल्या देशाच्या ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण कोळसा. ॲपने ही १५० ची रेघ दाखवली असती तर कुठल्याही बॅजपेक्षा जास्त काम झालं असतं, त्याऐवजी चार्जर सॉकेटमधून काढल्याबद्दल बॅज दिला आणि एसी बंद ठेवल्याबद्दलही तेवढाच बॅज! रात्रभर एसी म्हणजे १० युनिट, ७ किलो. माझी स्कूटर पलासियाला ऑफिसात जाऊनयेऊन दिवसाला ०.४ लिटर पेट्रोल खाते, म्हणजे किलोभरही होत नाही. एसीची एक रात्र म्हणजे स्कूटरचा आठवडा, आणि फोन चार्ज करणं १०-१५ ग्राम. हे प्रमाण डोळ्यासमोर यायलाच हवं, नाहीतर लोक चार्जर काढत बसतील आणि समाधानी राहतील.

सगळ्यात जास्त राग कचऱ्याच्या खात्याचा आला. ओला कचरा टाकला की ॲप तो डंपिंगवर सडतोय असं धरून मोठा आकडा लावतं. अरे इंदूरमध्ये ओलासुका वेगळा जातो, देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा घेणारा बायो सीएनजी प्लांट २०२२ पासून आहे, त्या गॅसवर आमच्या सिटी बस चालतात. मी दोनदा लिहून कळवलं, उत्तर आलं ‘धन्यवाद’, बदल काही नाही. आणि पाण्याचं तर खातंच नाही. नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किलोमीटर पंपाने चढवून आणतात, त्याचं बिल एवढं की महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले तिथे सोलर लावायला. आमच्या गल्लीत टाकी ओव्हरफ्लो होते तेव्हा ती वीजच वाहून जात असते, पण ॲपला ते दिसत नाही.

जानेवारीच्या अपडेटमध्ये दोन गोष्टी चांगल्या झाल्या. रोजच्या ऐवजी आठवड्याला एकदा भरता येतं आणि घर म्हणून एकच खातं उघडता येतं. आधी चौघांच्या स्वयंपाकाचा गॅस माझ्या एकटीच्या नावावर पडायचा, आता वाटून जातो. तुलनाही आता भारताच्या सरासरीशी, माणशी वर्षाला २ टनांच्या आसपास, आधी अमेरिकेशी होती आणि तिथे आपण काही न करता हिरवे दिसायचो. मात्र आकडा वाढला की ‘९९ रुपयांत झाड लावा’ वर येतं ते अजून तसंच आहे, ते मला मुळीच आवडत नाही, आधी वाईट वाटायला लावायचं आणि मग पैसे मागायचे.

आता मी फक्त सिलिंडर, मीटर आणि पेट्रोल भरते, रविवारी पाच मिनिटं. सध्याचं सिलिंडर २ तारखेला लावलंय, कॅलेंडरवर पेन्सिलीने आणि ॲपमध्ये, दोन्हीकडे नोंद आहे, ४५ च्या पुढे जातं का बघायचंय.