गोचिडीचा जीनोम: शॉर्ट-रीड की लाँग-रीड?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये माकडतापाची साथ आली, तेव्हापासून वाळपईकडच्या काजू बागायतदारांना गोचिडीची धास्ती नवी राहिलेली नाही. मात्र या तापाचा विषाणू वाहणाऱ्या हिमाफिसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीचा जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएची सगळी अक्षरे, वाचायला घेणाऱ्यापुढे आधी पद्धतीचा प्रश्न उभा राहतो: तो दीडशे-एक अक्षरांच्या छोट्या तुकड्यांत वाचायचा (शॉर्ट-रीड), की हजारो अक्षरांच्या लांब तुकड्यांत (लाँग-रीड)? मी दोन्ही पद्धतींनी काम केले आहे, आणि माझा कल पुढे लपून राहणार नाही.

केवळ जात ओळखायची असेल, किंवा गोचिडीतल्या विषाणूचा जेमतेम अकरा हजार अक्षरांचा आरएनए वाचायचा असेल, तर शॉर्ट-रीड पुरेसे आहे. अल्कोहोलमध्ये वर्षभर पडून राहिलेल्या, डीएनए तुटलेल्या नमुन्यातूनही त्यात काही ना काही हाती लागते. अशा कामासाठी लाँग-रीडचा हट्ट धरणे मला तरी अनाठायी वाटते.

अडचण येते ती गोचिडीच्या स्वतःच्या जीनोममध्ये. अमेरिकेत लाइम रोग पसरवणाऱ्या आयक्सोडिस स्कॅप्युलॅरिसचा जीनोम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सुमारे २१० कोटी अक्षरांचा असून त्यातला सुमारे ७० टक्के भाग पुनरावृत्तीचा आहे. आरतीच्या पुस्तकाचे ओळीओळीने तुकडे केले, तर ध्रुवपदाची ओळ कोणत्या कडव्यामागची हे कोण सांगणार? दीडशे अक्षरांच्या तुकड्यांचे नेमके तेच होते. मी लाळेतल्या प्रथिनांची जनुके शोधत होतो. एका जनुकावर वाचनांची, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांची, संख्या आजूबाजूच्या भागाच्या तिप्पट दिसली, म्हणजे बहुधा तीन जुळी जनुके एकावर एक चढून एकच झाली होती. आणि शेजारचे जनुक तर वाचने जोडून बनलेल्या सलग पट्ट्याच्या काठाशी अर्धवटच संपत होते. आणखी वाचने मागवून पाहिली, त्याने ढीग उंच झाला, काठ मात्र तिथेच राहिला. त्या एका वैतागाने लाँग-रीडचा माझा निर्णय झाला. २०२० मध्ये सहा गोचीड जातींचे जीनोम एकत्र प्रसिद्ध झाले, तेही लाँग-रीडच्या आधाराने, हे इथे नमूद करायला हवे.

लाँग-रीडचे नखरे कमी नाहीत. त्याला अखंड डीएनए लागतो आणि तोही भरपूर. गुरांच्या अंगावरची टम्म फुगलेली गोचीड मोहात पाडते, पण तिच्यात गाईचाच डीएनए फार निघतो. उन्हाळ्यात गोचिडी पकडायला रानात फ्लॅनेलचे कापड ओढले की मुख्यतः पिल्ले मिळतात. ती इतकी बारीक, की एकाने भागत नाही, आणि अनेक एकत्र वाटली तर निरनिराळ्या गोचिडींचे जीनोम एकमेकांत मिसळतात. प्रौढ गोचिडी वर निघतात पावसाळ्यात, जेव्हा ओले कापड झुडपांना चिकटून पुढे सरकत नाही आणि जळवा मात्र न बोलावता येतात. तरीही त्याच दिवसांत जावे, ओलसर कागद घातलेल्या कुपीतून गोचीड जिवंत आणावी, आणि एकेकीचा डीएनए वेगळा काढावा, असे मी सुचवेन. सलग एकाच अक्षराच्या ओळीत लाँग-रीड अजूनही अधूनमधून मोजणी चुकवते. पैसे उरले तर त्या दुरुस्तीपुरते शॉर्ट-रीड करून घ्यावे, नाहीतर एवढी चूक मी पदरात घेईन.